मध्ये बसली ती

१

आयाबाईला एका जागी बसवणं कुणाच्या बापाला जमलं नाही, असं सगळा दवाखाना म्हणायचा. तीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात काढलेली बाई. गरम पाणी, रक्ताच्या चादरी, कोवळ्या पोरांची रडगाणी, सगळं तिच्या हातावरचं. पण तिचं खरं राज्य वॉर्डाबाहेरच्या बाकावर. चार माणसांच्या बाकावर ती सात बसवायची. "सरका, जरा सरका, चिकटून बसल्यानं कुणी आजवर मेलेलं नाही," असं म्हणत काठी टेकत आलेल्या म्हाताऱ्याला, पोट सावरत आलेल्या पोरीला, सगळ्यांना जागा करून द्यायची. कुणी उभं दिसलं की हिचेच पाय दुखायला लागत.

या बाईची एकुलती एक लेक परदेशात सासरी गेली. जावई तिकडचाच. लेकीचे दिवस भरत आले, तशी आयाबाईनं वॉर्डाच्या कपाटाची किल्ली मोठ्या नर्सबाईंच्या टेबलावर ठेवली. म्हणाली, "हजार बायकांच्या उशाशी उभी राहिले. आता माझ्या पोरीच्या उशाशी नको?"

लेकीनंही फोनवर बजावून ठेवलं होतं. "आई, तू हात धरलास तरच मी त्या खोलीत जाणार. मला फार भीती वाटते गं. तू नसलीस तर मी बाळ-बिळ काही आणत नाही, जा."

लेकीचं सासर म्हणजे तीन माणसांचं घर. व्याही, विहीण आणि जावई. व्याही दिवसभर घड्याळं दुरुस्त करायचे, बोलायचे त्या घड्याळांपेक्षाही कमी. विहीणबाई उंच, हाडापेरानं मजबूत, पुढे कडक इस्त्रीचं फडकं बांधलेलं. दोघी विहिणींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं. भांडायला भाषा लागते, म्हणून दोघींचं झकास जमलं.

आयाबाई तिथं पोचली त्याच्या आठव्या दिवशी सुट्टी होती. आदल्या संध्याकाळी लेक म्हणाली, "आई, उद्या सकाळी यांच्या प्रार्थनेला येशील? दर सुट्टीला जातात सगळे. सासूबाईंनी मुद्दाम विचारलंय."

"येईन की. भाषा बदलली म्हणून देव काय दार लावून घेतो?"

"पण एक सांभाळ. तिथं एकदा बसलं की उठायचं नाही. हलायचंसुद्धा नाही, अगदी शेवटपर्यंत."

"का गं? टाके घातलेत का सगळ्यांना?"

लेक पोट धरून हसली. मग म्हणाली, "मलाही ठाऊक नाही. मी याला विचारलं होतं. म्हणतो, आम्ही विचारत नाही."

२

प्रार्थनेचं घर म्हणजे एक लांबट, ठेंगणी खोली. चुन्याच्या पांढऱ्या भिंती. ना मूर्ती, ना चित्र, ना फूल. पुढे एक लाकडी चौरंग, त्यावर काहीच नाही. दोन्ही बाजूंना बाक आणि मधून चालायला वाट.

आयाबाईची नजर आधी गेली ती बाकांवर, सवयच ती. मागचे निम्मे बाक मोकळे होते. आणि पुढे बसलेली माणसं मात्र अशी खेटून बसलेली, की दोघांच्या मधून पोस्टकार्ड जाणार नाही. खांद्याला खांदा, गुडघ्याला गुडघा. बाकाच्या टोकाला जो बसेल, त्यानं कडेचा दांडा मुठीत धरलेला.

'बघा, आमच्या वॉर्डासारखंच,' तिला बरं वाटलं. मग मनात आलं, अहो, पण मागं एवढी जागा आहे की! मग तिचं तिनंच उत्तर दिलं, थंडी आहे, ऊब धरून बसत असतील. उत्तर बरं होतं. तिनं ते ठेवून घेतलं.

बाकावर आधी व्याही सरकले, मग विहीणबाईंनी हातानं खुणावलं, तू जा आत, मी कडेला. आता आयाबाईच्या डाव्या गुडघ्यात पाणी. पाय लांब करायला मिळाला नाही तर तासाभरात गुडघा लाकूड होतो. तिनं गुडघा थोपटून दाखवला आणि स्वतः कडेला उभी राहिली. विहीणबाईंनी मान हलवली. नाही. तिनं पुन्हा गुडघा दाखवला. पुन्हा नाही.

जावई मध्ये पडला. त्याचं मराठी नव्या चपलेसारखं, जागोजागी चावायचं. "आई, कडेला माझी आई बसते. ती नेहमी बसते."

"अहो जावईबापू, तासभर पाय दुमडून बसले तर मला घरी उचलून न्यावं लागेल. चार माणसं लागतील, आणि पाचवं मडकं धरायला."

जावयाला मडक्याचं काही कळलं नाही. तेवढ्यात पुढे कुणीतरी लाकडावर लाकूड आपटलं, आणि उभ्या माणसांना आता वेळच उरला नाही. सगळे धपाधप बसले. व्याही, विहीण, जावई, त्याच्याशेजारी लेक, आणि कडेला आयाबाई. विहीणबाई बसल्या खऱ्या, पण चुलीवर दूध ठेवून आलेल्या बाईसारखं तोंड करून.

३

प्रार्थना म्हणजे गाणं नव्हतं, बोलणंही नव्हतं. ओठ मिटून सगळे एकाच सुरात घुमत होते. वॉर्डात सुया उकळायचं भांडं चढवलं की जसा आवाज यायचा, थेट तसा. ऐकता ऐकता आयाबाईच्या पापण्या जड झाल्या. लेकीचा खांदा तिच्या खांद्याला टेकला होता, आणि पोटातलं बाळ अधूनमधून लाथ मारायचं ती आयाबाईच्या कोपराला कळायची. तिला वाटलं, एवढ्यासाठी आले मी इतक्या लांब. झालं, पावलं सगळं.

तिच्या मानेला वारा लागला, तेव्हा कळलं की मागचं दार उघडंच आहे. एवढ्या थंडीत! लावायला विसरले की काय?

मग पावलं वाजली.

कुणी उशिरा आलं होतं. पावलं दमलेली होती. दोन टाकली की एक विसावा. मागच्या मोकळ्या बाकांपाशी थांबतील असं आयाबाईला वाटलं. थांबली नाहीत. मधल्या वाटेनं पुढे येत राहिली. आणि जसजशी ती येत गेली, तसतशी सगळ्या खोलीतली माणसं आणखी आवळून बसली. घुमणं वाढलं. कुणीही मान वळवली नाही.

पावलं आयाबाईच्या कडेशी येऊन थांबली.

तिला दिसले ते पाय. सुजलेले, बुटांत न मावणारे, नाड्या सोडून कसेबसे कोंबलेले. त्यांच्यावर झग्याचा एक जाडा, भिजलेला घेर. वर पाहिलं तर दाराच्या उजेडात चेहरा काही दिसेना. श्वास मात्र ऐकू येत होता. फार जिने चढून आलेल्या बाईचा.

आता तुम्हीच सांगा, तीस वर्षं जिनं माणसांना जागा करून दिली, तिच्यासमोर सुजल्या पायांची बाई उभी आणि ही बसून राहणार? लेकीनं सांगितलेलं तिला आठवलं नाही असं नाही. आठवलं. पण सांगितलेलं डोक्यात राहतं, आणि सवय हाडात. आत सरकावं, तर लेकीचं पोट दाबेल. म्हणून ती उठली. गुडघ्यावर हात देऊन उभी राहिली, पाय बाहेर काढला, आणि लेकीच्या बाजूची जागा थोपटून वॉर्डातल्या हलक्या आवाजात म्हणाली,

"या बाई, इथं मध्ये बसा. मी कडेला बसते."

४

घुमणं थांबलं.

कमी होत होत नाही, एकदम थांबलं. दिवा मालवावा तसं. शंभर माणसं श्वास धरून बसली. पुढच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्यानं कानांवर हात दाबले.

आयाबाईच्या अंगाला काहीतरी घासून आत गेलं. थंड आणि ओलसर. बाक कुरकुरला. मग आयाबाई टेकली, आणि टेकताना तिला मागं ढकलल्यासारखं झालं. अर्धीच मांडी मावली बाकावर. बाक भरला होता.

तिनं वळून पाहिलं. तिच्या आणि लेकीच्या मध्ये कुणी नव्हतं.

एका माणसाची जागा तेवढी मोकळी होती. आणि पलीकडे लेक डोळे मिटून बसली होती, मान कलती करून. अगदी लहानपणी गाडीत झोपायची तशी. तिचं डोकं कुणाच्या तरी खांद्यावर असावं त्या उंचीवर टेकलेलं होतं. तिथं खांदा नव्हता. आणि डोकं पडत नव्हतं.

पलीकडून विहीणबाई किंचाळल्या. त्या मुलाला ओलांडून आल्या, सुनेला दोन्ही हातांनी धरून आपल्याकडे ओढलं. लेकीनं डोळे उघडले. "काय झालं?" ती म्हणाली. "मला डुलकी लागली वाटतं. आई, तुझा खांदा किती गार पडलाय गं!"

आयाबाईनं त्या मोकळ्या जागेवर हात ठेवला. लाकूड गार आणि ओलसर होतं.

५

सगळे घरी आले. दार लावल्यावर विहीणबाई मुलावर बरसल्या. व्याही भिंतीकडे तोंड करून एका घड्याळाचं मागचं झाकण काढत बसले.

"काय म्हणताहेत?" आयाबाईनं विचारलं.

"आई म्हणते..." जावयाचा चेहरा पांढराफटक. "तुम्ही उठायला नको होतं."

"अहो, पण ती बाई कोण होती? तुम्हाला दिसली ना?"

"आम्ही बघत नाही."

"आणि बसली तर काय होतं?"

त्यानं आईला विचारलं. विहीणबाईंनी आयाबाईकडे एकवार पाहिलं. राग नव्हता त्या नजरेत. वॉर्डात वाईट बातमी सांगायच्या आधी डॉक्टर जसं बघायचे, तसं ते बघणं.

आयाबाईनं स्वतःला फैलावर घेतलं. अगं, सकाळपासून पोटात नुसता चहा. वय झालं. दार उघडं होतं, वाऱ्यानं अंग गारठलं. लेक अवघडलेली, तिची मान अवघडून तशीच राहिली असेल. हजार बायका बाळंत केल्यास आणि सावलीला भितेस?

दुपारी लेकीनं वरून हाक मारली. "आई, पाय ओढताहेत गं. चोळून देतेस?"

"आले गं राजा." तिनं स्वयंपाकघरात तेल कोमट केलं, वाटी फडक्यात धरली आणि गुडघा सांभाळत एकेक पायरी जिना चढली. दाराशी पोचते तो आतून लेकीचा आवाज आला, सुखावलेला.

"हां, तिथंच. पोटरीवर. बरं वाटलं बघ."

आयाबाई उंबऱ्यावर थबकली. लेक कुशीवर झोपली होती, दाराकडे पाठ करून. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. लेकीच्या उघड्या पोटरीवर दोन खळगे पडले होते. अंगठ्यांनी दाबल्यावर पडतात तसे. ते हळूहळू घोट्याकडे सरकत होते, पुन्हा वर येत होते. आयाबाई ज्या पद्धतीनं चोळायची, त्याच पद्धतीनं.

वाटी हातातून सुटली.

लेकीनं वळून पाहिलं. क्षणभर तिच्या डोळ्यांत ओळखच नव्हती. मग ती आली, पण उशिरा, ट्रंककॉलसारखी. "आई? तू तिकडे कशी? आत्ता इथं होतीस ना?"

६

त्यानंतरचे तीन दिवस आयाबाईनं लेकीची पाठ सोडली नाही. ती न्हाणीघरात गेली तर दाराशी उभी. ती जेवायला बसली तर खुर्चीला खुर्ची लावून. विहीणबाईंनीच तिला तसं सुचवलं. दोन तळहात एकमेकांवर घट्ट दाबून दाखवले, त्यात बोट घालायचा प्रयत्न करून दाखवला, बोट जात नाही म्हणून मान डोलावली. फट ठेवू नको. एवढं कळायला भाषा लागत नाही.

पण फट पडत होती. आयाबाई पाणी प्यायला उठायची, आणि परत येताना बंद दाराआडून लेकीचं हसणं ऐकू यायचं. कुणाशी तरी गप्पा चाललेल्या. "आणि मग डॉक्टरांना म्हणालीस, आधी तुम्ही बसा, चक्कर तुम्हाला आलीय?" लेक खिदळत होती. ही गोष्ट आयाबाईनं जन्मात कुणाला सांगितली नव्हती. उत्तर द्यायचा एक हलका आवाज होता. शब्द कळत नव्हते, पण ठेका कळत होता. तो तिचाच होता.

जावई तर दुसऱ्याच दिवशी तिची ओळख विसरला. जिन्यात समोर आली तर अदबीनं बाजूला झाला आणि आपल्या भाषेत काहीतरी म्हणाला. पाहुण्याला म्हणतात तसं.

"अहो, मी!" ती ओरडली. "तुमची सासू!"

तो गोंधळून हसला. वर बोट दाखवून म्हणाला, "आई वर आहेत."

घरात एक विहीणबाई तेवढ्या तिला धरून होत्या. येता-जाता दंडाला चिमटा काढायच्या, आहेस ना, म्हणून बघितल्यासारखा.

तिसऱ्या संध्याकाळी आयाबाई लेकीच्या पलंगावर तिला चिकटून बसली. हात हातात धरला. लेक चुळबुळली. एकदा हात सोडवला, दोनदा सोडवला. मग संकोचून, परक्या माणसाला दुखवू नये अशा आवाजात म्हणाली,

"जरा सरकता का, मावशी? इथं माझी आई बसते."

आयाबाईनं तिचा हात पुन्हा धरला. "अगं, मीच तुझी आई! बघ माझ्याकडे! तुझ्या कपाळावरची ही खोक कशानं झाली? मी सांगते, औषधाच्या कपाटाचं दार लागलं होतं—"

"हो," लेक घाबरून मागं सरली. "आईनं सांगितलंय मला." आणि तिनं आयाबाईच्या पलीकडे, रिकाम्या भिंतीकडे बघून विचारलं, "आई, या कोण आहेत गं? घरात कशा आल्या?"

आयाबाई हलली नाही. रात्रभर नाही. लेक मात्र पलंगाच्या दुसऱ्या काठाला सरकून, कुणाच्या तरी कुशीत शिरावं तशी अंग मुडपून झोपली.

७

सकाळी कळा सुरू झाल्या.

दवाखाना म्हटल्यावर आयाबाईच्या जिवात जीव आला. देश कुठलाही असो, तो वास एकच. तो लांब व्हरांडा, ते बाक, ती दोन झडपांची दारं. तिला वाटलं, ही माझी जागा आहे. इथं मला कोण हलवतंय!

दाराशी नर्सनं एक बोट वर केलं. आत एकच माणूस. जावयानं मान डोलावली आणि बाजूला झाला. लेक कण्हत, वाकून आत गेली. तिचा उजवा हात मागं लांबलेला होता आणि मूठ कशावर तरी आवळलेली होती. तिच्यामागं दार जरा जास्तच वेळ उघडं राहिलं, दोन माणसांना लागतं तेवढं. मग मिटलं.

आयाबाई पुढे धावली. नर्सनं तिला छातीवर हात ठेवून अडवलं आणि एक बोट पुन्हा दाखवलं. झालं, आत गेलंय ते माणूस.

मग बाहेर उभं राहून ऐकणं आलं. तीस वर्षांच्या कानाला दार आड येत नाही. पहिला तास सरळ गेला. मग लेकीच्या ओरडण्यात ती धार आली, जी आयाबाईला ठाऊक होती. पोरगी भ्याली होती. भ्यालेल्या बाईचं अंग मिटतं, आणि बाळ वाटेतच अडकतं. आत धावपळ वाढली. भांडी वाजली.

"श्वास घे गं," आयाबाई दाराला तोंड लावून पुटपुटली. "जोर लावू नको आत्ताच."

"श्वास घे गं," आतून तिचाच आवाज आला. "जोर लावू नको आत्ताच."

विहीणबाईंनी तो ऐकला. त्यांनी आयाबाईचा दंड धरला आणि सगळा जीव एकवटून तिला दारावर ढकललं. जा. नर्स वळायच्या आत एक झडप वीतभर उघडली.

आत पांढरा उजेड होता. पलंगावर लेक, घामानं निथळलेली. तिचे दोन्ही हात एका पाठमोऱ्या बाईच्या गळ्यात होते. आता बाई दिसत होती. करडा अंबाडा, निळी शाल. आयाबाईनं आपल्या खांद्याकडे पाहिलं. निळी शाल तिच्याही अंगावर होती. ती बाई लेकीचे केस मागं सारत होती, करंगळीनं, तशीच. आणि आता आपल्याकडे कुणी बघतंय हे कळल्यासारखी ती सावकाश मान वळवू लागली.

लेकीनं आधी पाहिलं. थेट दाराकडे. तिचे डोळे विस्फारले.

"ती बघा! ती बाई! ती पुन्हा आली!" अशी किंकाळी आयाबाईनं हजार बाळंतपणांत ऐकली नव्हती. "आई, मला सोडू नकोस! तिला बाहेर काढा!"

डॉक्टरीण काहीतरी ओरडली. यंत्राची टिकटिक चालली होती, ती अडखळली. पुन्हा चालली. पुन्हा अडखळली. त्या टिकटिकीचा अर्थ आयाबाईला कुणी सांगायला नको होता. ते बाळाचं काळीज होतं. लेकीचं अंग मिटलं होतं, आणि ते तिला पाहून मिटलं होतं.

ती बाई अजून पुरती वळली नव्हती. गाल दिसला, कानाची पाळी दिसली. आणखी एक पाऊल टाकलं असतं तर चेहरा दिसला असता. झोंबता आलं असतं. ओढून काढता आलं असतं, कदाचित.

टिकटिक थांबली.

आयाबाईनं पाय मागं घेतला आणि स्वतःच्या हातानं दार ओढून घेतलं.

व्हरांड्यात ती दाराला तळहात लावून उभी राहिली. किती वेळ, ते तिलाही सांगता आलं नसतं. मग टिकटिक लागली, आधी विरळ, मग दाट. मग तो दुसरा आवाज आला, चिरका, संतापलेला, कोवळा. जावई नाचायचाच बाकी राहिला. तो आणि व्याही एकमेकांच्या गळ्यात पडले. विहीणबाईंचा हात तिच्या दंडावरून कधी निघाला, कळलं नाही. नातवंडाचं रडणं ऐकून त्याही वितळल्या आणि मुलाकडे गेल्या.

आत लेक मुसमुसत होती. "आई... ती बाई दाराशी आहे का गं अजून?"

आयाबाईनं तोंड उघडलं. पण आतला आवाज आधी बोलला. हजार बायकांना ज्या आवाजानं तिनं निजवलं होतं, त्याच आवाजात तो म्हणाला, "कुणी नाही गं, राजा. कुणी नव्हतंच. मी आहे ना."

लेकीचं मुसमुसणं थांबलं.

ते थांबलं, याची खात्री होईपर्यंत आयाबाईनं कान दाराला लावून ठेवला. मग तिनं दारावरचा हात काढून घेतला.